‘१०२४ × ७६८’ची पाटी आता उतरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कितीतरी मराठी संकेतस्थळांच्या तळाशी आजही एक ओळ आढळते : ‘हे संकेतस्थळ १०२४ × ७६८ रिझोल्यूशनवर उत्तम दिसते.’ नगरपालिका असो, पतसंस्था असो की महाविद्यालय, ओळ तीच. ती लिहिली गेली तेव्हा तिला अर्थ होता. टेबलावर पंधरा इंची जाडजूड मॉनिटर असे, ब्राउझर पडदाभर उघडलेला असे आणि पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे पानावरचा एक पिक्सेल, असा सरळ हिशोब होता. आज यातले काहीच उरलेले नाही. तरीही काम देताना पहिला प्रश्न येतो तो ‘रिझोल्यूशन किती ठेवायचं?’ हाच, आणि त्या उत्तरावर सगळी मांडणी ठरते. आम्ही वेब डिझाइनचे काम करतो. विचारायला हवे ते व्ह्यूपोर्टबद्दल, म्हणजे ब्राउझरमध्ये पानाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या जागेबद्दल, रिझोल्यूशनबद्दल नाही. त्यामागचा हिशोब आणि संकेतस्थळ ताब्यात घेण्याआधी काय तपासावे, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र.

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर प्रत्यक्षात किती ठिपके आहेत ती संख्या. फोनच्या खोक्यावर ‘७२० × १६००’ किंवा ‘१०८० × २४००’ असे छापलेले असते ते हेच. पण पान या ठिपक्यांवर मांडले जात नाही. ब्राउझर ज्या मापाने पान मांडतो त्याला सीएसएस पिक्सेल म्हणतात (सीएसएस ही पानाची मांडणी लिहिण्याची भाषा) आणि ते दृष्टीचे माप आहे. हातभर, म्हणजे २८ इंच अंतरावरून पाहताना एका इंचाचा ९६वा भाग जेवढा दिसतो, तेवढा एक सीएसएस पिक्सेल. फोन आपण डोळ्यांच्या जवळ धरतो, म्हणून फोनवर तो प्रत्यक्षात आणखी लहान असतो. डोळ्याला मात्र जवळपास तेवढाच वाटतो. एका सीएसएस पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे किती ठिपके बसतात, तो आकडा म्हणजे डिव्हाइस पिक्सेल रेशो. कापडाचे उदाहरण घ्या. एक मीटर कापडात धागे विरळ असोत की दाट, मीटर तेवढाच राहतो. धाग्यांची संख्या म्हणजे रिझोल्यूशन, मीटर म्हणजे सीएसएस पिक्सेल. पान बेतायचे ते मीटरवर.

हा फरक सर्वसामान्य फोनमध्ये ठळकपणे आला तो २०१० साली. पहिल्या आयफोनचा पडदा ३२० × ४८० ठिपक्यांचा होता. आयफोन ४ मध्ये तो ६४० × ९६० झाला, पण पानासाठी रुंदी ३२०च राहिली, कारण रेशो २ झाला. अक्षरे लहान झाली नाहीत, रेखीव झाली.

आता आजच्या बाजारातले दोन फोन शेजारी ठेवा. स्वस्तातला फोन ७२० × १६०० ठिपक्यांचा, रेशो २. महागडा १०८० × २४००, रेशो ३. भागाकार केला तर दोन्हींवर ब्राउझरला मिळणारी रुंदी ३६०च. रिझोल्यूशन दीडपट, मांडणीची जागा मात्र काडीचीही जास्त नाही. उलटेही होते. तोच १०८० ठिपक्यांचा फोन, पण रेशो २.६२५ असेल तर रुंदी ४११ भरते. आणि तोच फोन आजोबांच्या हातात दिला, त्यांनी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डिस्प्ले साइज’ मोठा केला, रेशो ३.३७५ झाला, की रुंदी ३२०. खोक्यावरचा आकडा कुठेच बदलला नाही. म्हणून ‘आमचे बहुतेक ग्राहक फुल एचडी फोन वापरतात’ या वाक्यातून डिझाइन करणाऱ्याला काहीच कळत नाही.

लॅपटॉपवरही हाच घोळ आहे आणि तो फोनपेक्षा जास्त दुर्लक्षित आहे. १९२० × १०८० चा चौदा-पंधरा इंची लॅपटॉप घ्या. एवढ्या लहान पडद्यावर अक्षरे बारीक दिसतात म्हणून विंडोजमध्ये बहुधा १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग लावलेले असते. १२५ टक्क्यांना ब्राउझरपुढे १५३६ × ८६४ एवढीच जागा उरते. १५० टक्क्यांना १२८० × ७२०. वर त्या माणसाने ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकची कळ दाबून १२५ टक्के झूम केले, तर १२८० भागिले १.२५, म्हणजे बरोबर १०२४. नव्याकोऱ्या लॅपटॉपवर वीस वर्षांपूर्वीची रुंदी! झूम म्हणजे नुसते भिंग नाही. झूम वाढवले की पानाला मिळणारी रुंदी घटते आणि ‘मोबाइलसाठी’ लिहिलेली मांडणी लॅपटॉपवर लागू होते. चष्म्याचा नंबर जास्त असलेला माणूस १३६६च्या पडद्यावर ४०० टक्के झूम करतो, तेव्हा त्याच्या ब्राउझरची रुंदी ३४१ होते. मोबाइलची मांडणी नीट केली नाही, तर त्या माणसाचेही पान बिघडते. ही गोष्ट काम करून घेणाऱ्यांना सहसा सांगितलीच जात नाही.

घर घेताना बिल्ट-अप आणि कार्पेट एरियातला फरक आपण नीट विचारून घेतो. पडद्याची उंची आणि व्ह्यूपोर्टची उंची यांत तोच फरक आहे. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर विंडोज १० ची खालची पट्टी ४० पिक्सेल खाते. टॅब, पत्त्याची पट्टी आणि बुकमार्कची पट्टी मिळून आणखी शंभरेक. हाती उरतात साधारण ६२५. आता संकेतस्थळ उघडताच समोर येणारी सूचनेची चौकट डिझाइन करणाऱ्याने स्वतःच्या मोठ्या मॉनिटरवर ७०० पिक्सेल उंच केली आणि पडद्याच्या मधोमध बसवली, तर काय होते पाहा. वरची ‘बंद करा’ची फुली सुमारे ३७ पिक्सेल पडद्याच्या वर जाते, खालचे ‘पुढे जा’ तेवढेच खाली. चौकट उघडी असताना मागचे पान सरकू नये म्हणून ते गोठवलेले असते. माणूस अडकला. त्याला वाटते साइट बंद आहे. औषध दोन ओळींचे : चौकटीला ठरीव उंची देऊ नये, कमाल उंची व्ह्यूपोर्टच्या ९० टक्के ठेवावी आणि आतला मजकूर चौकटीतच सरकू द्यावा.

फोनचे पान मुळात व्ह्यूपोर्टवर बेतले जावे यासाठी एक छोटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली एक ओळ, लागतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळी पाने मोठ्या पडद्यांसाठी केलेली होती. १०२४च्या पडद्यावर सरकपट्टी वगळून नीट बसतील अशी, ९६० पिक्सेलच्या आसपास रुंद. म्हणून आयफोनमधल्या सफारी या ब्राउझरने युक्ती केली : पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून मांडायचे आणि मग सगळे आक्रसून पडद्यात बसवायचे. इतर मोबाइल ब्राउझरांनी तेच उचलले, आणि आजही टॅग नसलेल्या पानाला तीच वागणूक मिळते. हिशोब करून पाहा. ९८० चे ३६० केले की प्रत्येक गोष्ट ०.३६७ पट होते. १६ पिक्सेलचे अक्षर ६ पिक्सेलच्याही खाली जाते. त्यात अँड्रॉइडचा क्रोम दया येऊन काही परिच्छेदांची अक्षरे आपणहून मोठी करतो, काहींची करत नाही. म्हणून एकाच पानावर एक परिच्छेद ढोबळ आणि शेजारची यादी मुंगीएवढी, असे विचित्र दृश्य दिसते. फाँट बिघडला म्हणून तक्रार येते, पण दोष फाँटचा नसतो.

टॅगमध्ये लिहायचे ते एवढेच : मेटा नेम ‘व्ह्यूपोर्ट’, आणि कंटेंटमध्ये ‘विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१’. यापुढे काही जोडू नये. अनेक तयार साच्यांत ‘मॅक्सिमम-स्केल=१’ किंवा ‘युजर-स्केलेबल=नो’ ही शेपटी असते; तिने दोन बोटांनी मोठे करून पाहण्याची सोय बंद होते. आयफोनच्या सफारीने २०१६ पासून ही बंदी मानणे सोडले, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर ती अजून चालते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीच्या वडिलांना अट नीट वाचता यावी म्हणून त्यांनी चिमटीने मजकूर मोठा करू पाहिला आणि पान हललेच नाही, असे होणे हा अन्याय आहे. कुणी ‘विड्थ=३६०’ असा ठोक आकडा लिहितात; तेही नको. ४१२च्या फोनवर ते पान ताणले जाते, आडव्या फोनवर तर फारच.

ही शेपटी लोक का जोडतात, त्याचेही कारण ठाऊक हवे. आयफोनवर मजकुराच्या रकान्यातली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली, तर त्या रकान्यावर बोट ठेवताच सफारी पान मोठे करतो आणि मांडणी सरकल्यासारखी वाटते. ते थांबवायला झूमवर बंदी घातली जाते. सरळ उपाय म्हणजे रकान्यातली अक्षरे १६ किंवा त्याहून मोठी करणे.

उंचीचे आणखी एक दुखणे. सीएसएसमध्ये ‘१०० व्हीएच’ म्हणजे व्ह्यूपोर्टची पूर्ण उंची. पण फोनवर पत्त्याची पट्टी पान सरकवले की लपते आणि परत येते. ‘व्हीएच’ मोजले जाते ते पट्टी लपलेली असतानाच्या मोठ्या उंचीवर. पान नुकते उघडते तेव्हा पट्टी दिसत असते, आणि नेमके तेव्हाच तळाचे बटण पट्टीइतके खाली ढकललेले असते. २०२२ मध्ये सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम तिघांनीही यासाठी नवी मापे स्वीकारली : ‘एसव्हीएच’ लहान उंचीवर, ‘एलव्हीएच’ मोठ्या उंचीवर आणि ‘डीव्हीएच’ त्या क्षणी असेल त्या उंचीवर. आधी ‘१०० व्हीएच’ची ओळ लिहावी, तिच्या लगेच खाली नव्या मापाची, जुना ब्राउझर दुसरी ओळ सोडून देतो. मुखपृष्ठावरच्या पूर्ण उंचीच्या चित्राला आम्ही ‘एसव्हीएच’ सुचवू, कारण ‘डीव्हीएच’ने पट्टी लपताना चित्र उड्या मारते. सूचनेच्या चौकटीला मात्र ‘डीव्हीएच’च बरे.

कीबोर्ड उघडल्यावर तर व्ह्यूपोर्ट दोन होतात. एक, ज्यावर पान मांडलेले आहे तो. दुसरा, डोळ्यांना प्रत्यक्ष दिसतो तो. आयफोनवर कीबोर्ड वर आला तरी पहिला बदलत नाही, आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या १०८व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवरच्या क्रोमचेही तसेच आहे. परिणाम : तळाला खिळवून ठेवलेले ‘सादर करा’चे बटण कीबोर्डच्या मागे जाते. ओटीपी टाकून झाला, पुढे काय ते दिसेना. अर्जाचे बटण पडद्याच्या तळाला खिळवू नये, शेवटच्या रकान्याच्या लगेच खाली ठेवावे.

आता आडव्या सरकण्याबद्दल, कारण तक्रारींत सर्वांत जास्त हीच येते. पान फोनवर उभे वाचताना बोटाबरोबर डावी-उजवीकडेही हलते, उजव्या कडेला पांढरा पट्टा दिसतो. याची कारणे ठरलेली असतात. एखाद्या ठोकळ्याला ‘विड्थ : १२०० पिक्सेल’ अशी ठरीव रुंदी दिलेली असते, तिथे कमाल रुंदी १२०० आणि रुंदी १०० टक्के असे हवे. चित्राला कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ‘ऑटो’ दिलेली नसते. पूर्ण रुंदीच्या पट्ट्याला ‘१०० व्हीडब्ल्यू’, म्हणजे व्ह्यूपोर्टची पूर्ण रुंदी, दिलेले असते. विंडोजवर या मापात उभ्या सरकपट्टीचे १५-१७ पिक्सेलही धरले जातात आणि पट्टा तेवढाच बाहेर येतो. त्याऐवजी साधे १०० टक्के लिहावे. ग्रिडमध्ये (स्तंभ आणि ओळींत मांडण्याची पद्धत) ‘१ एफआर’, म्हणजे मोकळ्या जागेचा एक वाटा, असे लिहिले की स्तंभ आतल्या सर्वांत लांब शब्दाहून अरुंद व्हायला तयार होत नाही. तिथे ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लागते. फ्लेक्सच्या (खोकी एका रांगेत लावण्याची पद्धत) आतल्या खोक्यांना ‘मिन-विड्थ : ०’ लागते. यातले काहीही न करता सगळ्या पानाला ‘ओव्हरफ्लो-एक्स : हिडन’ लावून मोकळे होणे ही पळवाट आहे. पांढरा पट्टा जातो, पण त्याच्याबरोबर तक्त्याचा उजवा भागही कापला जातो, आणि तो कापला गेला आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

लांब शब्दांचे संकट मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’, ‘महानगरपालिकेमार्फत’, ‘उपविभागीय’ हे शब्द मोठ्या शीर्षकात ३६० रुंदीत सहज अडतात. त्यावर कुणी ‘वर्ड-ब्रेक : ब्रेक-ऑल’ लावतात. मग ओळ संपेल तिथे शब्द तुटतो आणि ‘महानगरपा’ वर, ‘लिकेमार्फत’ खाली, असे पानभर होते. ‘ओव्हरफ्लो-रॅप : ब्रेक-वर्ड’ लावावे, ते शब्द मुळीच मावत नसेल तेव्हाच तोडते. त्याहून चांगले म्हणजे फोनवर शीर्षकाचा आकार कमी करणे. ‘क्लॅम्प’ने किमान, बदलता आणि कमाल असे तीन आकार एका ओळीत देता येतात, उदाहरणार्थ २२ पिक्सेल, रुंदीच्या ६ टक्के आणि ४० पिक्सेल. प्रत्यक्षात पिक्सेलऐवजी ‘रेम’ हे पानाच्या मूळ अक्षर-आकारावर चालणारे माप वापरावे आणि मधल्या आकड्यातही थोडे ‘रेम’ मिसळावे, म्हणजे वाचणाऱ्याने अक्षरे मोठी केली तर ती खरोखरच मोठी होतात.

देवनागरीचे आणखीही हट्ट आहेत आणि ते पुरवायलाच हवेत. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात ओळींची उंची १.२ असते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ‘कर्तृत्व’ किंवा ‘दुर्मीळ’ १.२ च्या ओळीत खालीवरच्या शब्दांना भिडतात, आणि ठरीव उंचीच्या बटणात तर मात्रा कापलीच जाते. मजकुराला १.६ ते १.८ आणि शीर्षकाला १.४ ठेवावे. त्याच आकारात देवनागरी अक्षराचा गाभा इंग्रजीपेक्षा लहान वाटतो, म्हणून इंग्रजी १६ असेल तिथे मराठी १८ करावे. ‘लेटर-स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, शून्यच हवे. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून दोन पिक्सेल दिले की शिरोरेषेला अक्षरागणिक भेगा पडतात. अरुंद स्तंभात मजकूर दोन्ही कडांना जुळवू नये. ३६० रुंदीत एका ओळीत चार-पाचच शब्द बसतात आणि त्यांच्यामध्ये खिंडारे पडतात.

चित्रांकडे वळू, कारण रिझोल्यूशनचा खरा संबंध तिथेच आहे. ३६० रुंदीच्या फोनवर पूर्ण रुंदीचे छायाचित्र दाखवायचे आणि रेशो ३ असेल, तर १०८० ठिपक्यांचे चित्र लागते; रेशो २ ला ७२०चे पुरते. एचटीएमएलमध्ये ‘एसआरसीसेट’ने ४८०, ७२०, १०८०, १६०० अशा रुंदीच्या प्रती द्याव्यात आणि ‘साइझेस’ने चित्र पानावर किती रुंद दिसणार तेही सांगावे. निवड ब्राउझर करतो. ‘साइझेस’ विसरले तर ब्राउझर चित्र पूर्ण रुंदीचे आहे असे धरतो आणि तीन स्तंभांतल्या छोट्या चित्रासाठीही मोठी प्रत उतरवतो. आमच्या मते रेशो ३ साठी वेगळी प्रत बहुतेक वेळा अनाठायी आहे. १०८०च्या चित्रात ७२०च्या सव्वादोन पट ठिपके असतात आणि तळहातावर डोळ्याला फरक जाणवत नाही. ‘७२ डीपीआयमध्ये (इंचाला ७२ ठिपके) सेव्ह करा’ ही सूचना मात्र कायमची विसरावी. ब्राउझर तो आकडा वाचतच नाही. चित्र किती ठिपके रुंद आहे तेवढेच तो पाहतो.

मुखपृष्ठावरचा सरकता पट्टा जवळून पाहा. मान्यवरांची छायाचित्रे, योजनेचे नाव, शेवटची तारीख, सगळे १९२० रुंदीच्या एका जेपीजीत चितारलेले. मॉनिटरवर झकास. फोनवर १९२० चे ३६० होतात, म्हणजे ०.१८७५ पट. चित्रातले ३२ पिक्सेलचे अक्षर ६ पिक्सेलचे उरते. अर्जाची शेवटची तारीख ज्याला हवी आहे, त्याच्याकडे बहुधा फोनच असतो, आणि नेमकी तीच त्याला वाचता येत नाही. तारीख आणि योजनेचे नाव चित्राबाहेर, मजकूर म्हणून लिहावे. पीडीएफचेही असेच. ए४ कागद इंचाला ९६ पिक्सेल या मापाने ७९४ पिक्सेल रुंद भरतो. ३६०च्या फोनवर त्याचे ०.४५ पट होते. १२ पॉइंटचे, म्हणजे १६ पिक्सेलचे अक्षर सव्वासातवर येते. पीडीएफचा मजकूर रुंदीप्रमाणे पुन्हा मांडला जात नाही. परिपत्रकाची सहीशिक्क्याची प्रत पीडीएफमध्ये जरूर ठेवा, पण मजकूर पानावरही द्या.

तक्त्यांना मात्र आडवे सरकणे माफ आहे. सातबाराचा उतारा, निकालपत्रक, वेळापत्रक यांचे स्तंभ एकमेकांशेजारी असल्यावाचून अर्थ लागत नाही. तक्त्याला स्वतःची चौकट द्यावी आणि तेवढीच आडवी सरकू द्यावी. पहिला स्तंभ ‘पोझिशन : स्टिकी’ने जागेवर धरावा, म्हणजे कुणाचा आकडा आहे ते दिसत राहते.

राहिला प्रश्न मांडणी कोणत्या रुंदीला बदलायची याचा. ‘आयफोनला ३९०, टॅबला ७६८, लॅपटॉपला १३६६’ अशी यंत्रांची यादी करून नियम लिहिणे आम्हाला मान्य नाही. २०१९ च्या घडीच्या गॅलेक्सी फोल्डचा बाहेरचा पडदा २८० रुंदीचा होता. त्याच वर्षीपासून आयपॅडचा सफारी संकेतस्थळाला आपण मॅक आहोत असे सांगतो. यंत्र ओळखून मांडणी निवडणाऱ्या पानांची तिथे फसगत होते. वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली तीच मुळी यंत्र न ओळखता जागेप्रमाणे बदलण्याची. आधी ३२० रुंदीची एकस्तंभी मांडणी पुरी करावी. मग ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करत जावे. जिथे ओळी फार लांब वाटू लागतील, जिथे दोन कप्पे शेजारी आरामात बसतील, तिथे ‘मिन-विड्थ’चा, म्हणजे ‘इतक्या रुंदीपासून पुढे अशी मांडणी’ असा, नियम घालावा. साध्या संकेतस्थळाला असे दोन-तीन नियम पुरतात. १९२० वर मजकूर कडेपासून कडेपर्यंत पसरू नये. १८ पिक्सेलच्या मराठी अक्षराला सातशे पिक्सेलच्या आसपासची ओळ डोळ्याला झेपते.

काम तपासायला खर्च नाही. क्रोममध्ये एफ१२ आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम दाबले, किंवा फायरफॉक्समध्ये नुसते कंट्रोल-शिफ्ट-एम, की हवी ती रुंदी टाकून पान पाहता येते. ३२०, ३६०, ४१२, ७६८, १२८० आणि आडवा फोन म्हणून ८०० × ३६० पाहावे. १२८०च्या खिडकीत ४०० टक्के झूम करावे. कन्सोलमध्ये (त्याच साधनातली आज्ञा लिहिण्याची जागा) ‘विंडो.इनरविड्थ’ लिहिले की व्ह्यूपोर्टची रुंदी आणि ‘विंडो.डिव्हाइसपिक्सेलरेशो’ लिहिले की रेशो मिळतो. मात्र या तपासणीत सरकती पत्त्याची पट्टी आणि कीबोर्ड नसतो, शिवाय अक्षरेही लॅपटॉपचीच असतात. विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर हे फाँट. तिन्हींची रुंदी वेगळी. लॅपटॉपवर एका ओळीत मावलेले बटण फोनवर दोन ओळींचे होते. म्हणून शेवटची तपासणी हातातल्या फोनवरच व्हावी, आणि तो फोन ७२० × १६०० चा स्वस्तातला असावा.

शासकीय कार्यालयांसाठी तर हा आवडीनिवडीचा विषय नाही. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत डब्ल्यूसीएजी २.१ ची (संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) ‘डबल ए’ पातळी अपेक्षित आहे. त्या पातळीत पान ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीत दोन दिशांना न सरकवता वाचता आले पाहिजे, असा नियमच आहे. तक्ते, नकाशे यांसारखे, दोन्ही दिशांची मांडणी लागणारे भाग तेवढे वगळले आहेत.

तेव्हा निविदेत ‘१०२४ × ७६८’ किंवा ‘सर्व रिझोल्यूशनला चालेल असे’ लिहिण्याऐवजी असे लिहावे : ‘प्रत्येक पान ३२० ते १९२० सीएसएस पिक्सेल रुंदीच्या व्ह्यूपोर्टमध्ये, तक्ते व नकाशे वगळता, आडवे न सरकवता वाचता आले पाहिजे. ३६० पिक्सेल उंचीच्या आडव्या फोनवर प्रत्येक चौकट बंद करता आली पाहिजे. वाचकाला झूम करण्यास मज्जाव नसावा. मराठी मजकूर चित्रात असू नये. अर्ज अँड्रॉइड फोनवर, कीबोर्ड उघडा असताना, पहिल्या रकान्यापासून पोचपावतीपर्यंत भरून दाखवावा.’ शेवटचा हप्ता या पाच गोष्टी समोर पाहूनच द्यावा.

आपले नम्र,
वेब डिझाइनचे काम करणारे दोन वाचक,
पुणे